दोन अपस्ट्रीम असूनही सगळा ट्रॅफिक एकाच लिंकवर येतोय? तो वळवायचा कसा

हे मुख्यतः छोट्या आयएसपीवाल्यांसाठी लिहितोय. म्हणजे तालुक्याच्या गावात ओएलटी (घरोघरच्या फायबर लाइन जोडणारं यंत्र) टाकून पाच-दहा-वीस हजार घरांना फायबर दिलंय, स्वतःचा एएस नंबर (इंटरनेटवरची नेटवर्कची ओळख) आहे, इरिनकडून (भारतात आयपी पत्ते देणारी संस्था) स्लॅश २३, म्हणजे ५१२ पत्त्यांचा ब्लॉक, मिळालाय (आकडा मोठा तसा ब्लॉक छोटा), जुने असाल तर स्लॅश २२ असेल, पुण्याहून किंवा मुंबईहून दोन अपस्ट्रीम (आपल्याला बाकीचं इंटरनेट विकणारी मोठी नेटवर्क) घेतलेत आणि जमलं तर मुंबईत एखाद्या एक्सचेंजवर (जिथे नेटवर्क एकमेकांना थेट जोडतात) पोर्टही घेतलाय, अशी मंडळी. या सगळ्यांचं दुखणं बहुतेक सारखंच असतं. दोन्ही लिंक १०-१० जीच्या (जी म्हणजे गिगाबिट प्रति सेकंद), पैसे दोन्हीचे जातात, आणि रात्री नऊला एका लिंकचा ग्राफ वर टेकून सपाट झालेला असतो तर दुसरी ३ जीवर पडून असते. ग्राहकाचे फोन येतात की यूट्यूब गोल गोल फिरतंय, आणि ऑफिसमधला पोरगा सांगतो की साहेब, बँडविड्थ तर भरपूर शिल्लक आहे. दोघंही खरंच बोलत असतात.

आधी एक गोष्ट पक्की डोक्यात बसवा. बाहेर जाणारा ट्रॅफिक कुठून काढायचा ते तुम्ही ठरवता, येणारा ट्रॅफिक कुठून येणार ते पाठवणारा ठरवतो. तुमच्या राउटरवर लोकल प्रेफरन्स (कुठला रस्ता आधी धरायचा ते सांगणारा आकडा) बदलला की अपलोडचा रस्ता बदलतो, पण घरगुती ग्राहकांच्या नेटवर्कमध्ये अपलोड असतो कितीसा, सगळा भार डाउनलोडचा, आणि डाउनलोडचं पॅकेट कुठल्या लिंकवर टाकायचं हे ते तुमच्यापर्यंत पोचायच्या कितीतरी आधी ठरलेलं असतं. शिवाय लिंक भरली की पॅकेट ड्रॉप होतात ती अपस्ट्रीमच्या पोर्टवर, तुमच्या नाही, त्यामुळे आपल्या बाजूला क्यूओएसचे (कुठल्या ट्रॅफिकला आधी जाऊ द्यायचं याचे) कितीही नियम लावा, भरलेल्या लिंकवर त्याने फारसं काही साधत नाही. तुमच्या हातात राहतं ते एवढंच की कुठला प्रीफिक्स (पत्त्यांचा ब्लॉक), किती लांबीचा (स्लॅशपुढचा आकडा), कुणाला आणि कुठल्या खुणा लावून जाहीर करायचा. आणि आणखी एक गोष्ट हातात असते जी बरेच जण विसरतात, ती म्हणजे नॅट पूल, म्हणजे ग्राहक बाहेर जाताना जे पब्लिक पत्ते वापरतात त्यांचा गठ्ठा. त्यावर खाली सविस्तर लिहिलंय कारण भारतातल्या छोट्या आयएसपीसाठी माझ्या मते तेच सगळ्यात कामाचं हत्यार आहे.

समोरचा राउटर रस्ता कसा निवडतो

लांबच्या नेटवर्कमधला राउटर तुमच्याकडे यायचा रस्ता निवडताना ठरलेल्या क्रमाने जातो. सगळ्यात आधी जास्त लांबीचा प्रीफिक्स जिंकतो, म्हणजे स्लॅश २३ आणि स्लॅश २४ दोन्ही दिसत असतील तर स्लॅश २४, मग तो रस्ता कितीही लांबचा असो. लांबी सारखी असेल तर त्याचा स्वतःचा लोकल प्रेफरन्स, म्हणजे पैसे देणारा ग्राहक पहिला, मग पीअर (बरोबरीने थेट जोडलेलं नेटवर्क), मग ज्याला आपण पैसे देतो तो ट्रान्झिट. तेही सारखं असेल तर एएस पाथची, म्हणजे वाटेतल्या एएस नंबरांच्या यादीची, लांबी. मग ओरिजिन (रूट मुळात कसा आला याची खूण), मग एमईडी (दोन लिंकपैकी कुठली वापरावी हे शेजाऱ्याला सुचवणारा आकडा), आणि मग आपल्याला जवळ पडेल तिथून बाहेर टाकणं.

हा क्रम म्हणजेच तुमच्या हत्यारांच्या ताकदीचा क्रम आहे. प्रीफिक्स फोडणं सगळ्यात जोरकस, अपस्ट्रीमच्या कम्युनिटीतून (रूटला लावायच्या खुणांतून) त्यांचा लोकल प्रेफरन्स बदलून घेणं त्याच्या खालोखाल, प्रीपेंड (पाथ लांब दिसावा म्हणून स्वतःचा एएस नंबर पुन्हा पुन्हा लावणं) त्याच्या खाली, एमईडी अजून खाली. आणि आपल्याकडे जवळजवळ प्रत्येक जण सुरुवात प्रीपेंडने करतो कारण ते एका ओळीत होतं, मग काहीच हललं नाही की अजून दोन लावतो, अजून तीन लावतो, आणि शेवटी बीजीपी (नेटवर्क एकमेकांना रस्ते कळवतात ती पद्धत) काही चालत नाही असा निष्कर्ष काढून जास्त बँडविड्थ विकत घेतो. म्हणून हा क्रम कागदावर लिहून टेबलासमोर लावा, खरंच लावा.

हात लावायच्या आधी मोजा

इंटरफेसचा ग्राफ किती येतंय ते सांगतो, कोण पाठवतंय ते सांगत नाही. बॉर्डर राउटरवरून नेटफ्लो, आयपीफिक्स किंवा एसफ्लो (कोण कुणाला किती पाठवतंय त्याच्या नोंदी) जे मिळेल ते चालू करा, सॅम्पल हजारात एक घेतलं तरी चालतं, आणि पीएमॅक्ट, एनएफडंप नाहीतर एनटॉप-एनजी असं काहीतरी बसवून दोन गोष्टी काढा. एक, प्रत्येक लिंकवर कुठल्या सोर्स एएसकडून किती येतंय. दोन, तुमच्या प्रत्येक स्लॅश २४ कडे किती जातंय. घरगुती नेटवर्कमध्ये वरची नावं ठरलेलीच निघतील (पुढचे आकडे त्यांचे एएस नंबर), गूगल १५१६९, मेटा ३२९३४, नेटफ्लिक्स २९०६, अकामाई २०९४०, क्लाउडफ्लेअर १३३३५, ॲमेझॉन १६५०९. पहिल्या पाच-सहांना वळवता आलं तर बाकीच्या हजारो एएसकडे बघायची गरजच पडत नाही.

इथे एक गोम आहे. फ्लोमध्ये सोर्स एएस म्हणून खुद्द अपस्ट्रीमचाच नंबर भरपूर दिसत असेल तर तो बहुतेक त्याच्याकडे ठेवलेल्या कॅशमधून (व्हिडिओ वगैरे जवळच साठवणारे सर्व्हर) येतोय, कारण गूगल ग्लोबल कॅश किंवा तसले डबे ज्याच्या घरात असतात त्याचेच आयपी वापरतात. हा ट्रॅफिक वळवायचं गणित वेगळं असतं, ते खाली सांगतो.

बिल ९५ पर्सेंटाइलने येत असेल तर तेही याच वेळी समजून घ्या. महिनाभराचे पाच-पाच मिनिटांचे नमुने घेऊन वरचे ५ टक्के सोडून देतात, म्हणजे ३० दिवसांच्या महिन्यात ३६ तास माफ. रोज संध्याकाळी तासभर लिंक वर गेली तर ३० तास, माफ आहे, पण रोज चार तास पीक असेल तर बिल पीकचंच येणार. दोन्ही लिंकचं बिलिंग असं असेल तर ट्रॅफिक निम्मा-निम्मा करण्यापेक्षा ज्याचा रेट कमी त्याच्याकडे ओढून ठेवणं परवडतं. पण सरसकट ठरावीक क्षमतेचे पैसे भरत असाल, जसं आपल्याकडे बऱ्याचदा असतं, तर दोन्ही लिंक सारख्या भरणं बरं. आणि दोन्हीपैकी एक तुटली तर उरलेल्या एकीवर किती येणार हा हिशोब आत्ताच करा. १० जीच्या दोन लिंक प्रत्येकी ६ जीवर चालत असतील तर एक तुटल्यावर १२ जी १० मध्ये बसवायचे आहेत, ते बसत नाहीत.

कागदपत्रं आधी, कमांड नंतर

आजपर्यंत फक्त स्लॅश २३ जाहीर करत होतात आणि उद्या अचानक स्लॅश २४ सोडलेत तर दोन गोष्टी आड येतात. पहिली आरओए, म्हणजे कुठला ब्लॉक कुठला एएस किती लांबीपर्यंत जाहीर करू शकतो याची सही केलेली नोंद. तुमच्या स्लॅश २३ चा आरओए असेल आणि त्यात मॅक्स लेंग्थ २३ असेल तर नवा स्लॅश २४ आरपीकेआयच्या (या नोंदींवरून रूट तपासणाऱ्या यंत्रणेच्या) दृष्टीने इनव्हॅलिड, आणि आजकाल मोठी ट्रान्झिट नेटवर्क इनव्हॅलिड रूट सरळ फेकून देतात. ज्या रजिस्ट्रीकडून ब्लॉक घेतलाय तिच्या पोर्टलवर जाऊन जे जे खरोखर जाहीर करणार आहात त्या प्रत्येकाचा आरओए करा, स्लॅश २३ चा एक, दोन्ही स्लॅश २४ चा एकेक. मॅक्स लेंग्थ उगाच सैल सोडू नका, म्हणजे कधीच जाहीर न होणारे तुकडे दुसरा कोणी तुमच्या एएसचं नाव लावून सोडू शकणार नाही. २०२२ च्या आरएफसी ९३१९ चा (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे तांत्रिक दस्तऐवज) सल्लाही हाच आहे.

दुसरी गोष्ट अपस्ट्रीमची प्रीफिक्स लिस्ट. बरेच अपस्ट्रीम आयआरआरमधल्या (रूटची सार्वजनिक नोंदवही) रूट ऑब्जेक्टवरून फिल्टर बनवतात, काही जण नुसत्या मेलवर हाताने बनवतात, आणि कुठल्याही प्रकारात नवा प्रीफिक्स उघडायला वेळ जातो. रूट ऑब्जेक्ट टाका, दोन्ही अपस्ट्रीमना तिकीट टाका, "स्लॅश २४ पर्यंत परवानगी द्या आणि तुमच्या वरच्या ट्रान्झिटकडेही उघडा" असं स्पष्ट लिहा. दुसरा अर्धा भाग लोक लिहीत नाहीत, मग अपस्ट्रीमच्या आत रूट दिसतो आणि बाहेर दिसत नाही. खात्री करायची तर हरिकेन इलेक्ट्रिकचं बीजीपी टूलकिट, बीजीपी डॉट टूल्स, राइपचं आरआयएस किंवा कुठलंही बाहेरचं लुकिंग ग्लास (दुसऱ्याच्या राउटरवर तुमचा रूट कसा दिसतो ते दाखवणारं पान) बघा, आपल्या राउटरवर ॲडव्हर्टाइज्ड दिसतंय यावर कधीही विश्वास ठेवू नका.

प्रीफिक्स फोडणं

उदाहरणाला १९८.१८.०.०/२३ घेऊ, हा टेस्टिंगसाठी राखून ठेवलेला पत्ता आहे, इंटरनेटवर कुणाचाही नाही. याचे दोन अर्धे, १९८.१८.०.०/२४ आणि १९८.१८.१.०/२४. दोन अपस्ट्रीमना अ आणि ब म्हणू. पहिला स्लॅश २४ फक्त अ ला जाहीर करायचा, दुसरा फक्त ब ला, आणि स्लॅश २३ दोघांनाही. आता जगातून पहिल्या अर्ध्याकडे येणारं सगळं अ वरून येतं, दुसऱ्याकडे येणारं सगळं ब वरून. अ तुटला की पहिला स्लॅश २४ जगातून नाहीसा होतो आणि ब वरून दिसणारा स्लॅश २३ तो भार उचलतो. स्लॅश २३ दोन्हीकडे ठेवायला विसरलात तर मात्र एक लिंक तुटली की निम्मे ग्राहक अंधारात, म्हणून ती ओळ आधी लिहा आणि मग बाकीच्या.

हा उपाय किती जोरकस आहे ते बघायचं तर २४ फेब्रुवारी २००८ आठवा. पाकिस्तान टेलिकॉमने देशात यूट्यूब बंद करायला २०८.६५.१५३.०/२४ हा रूट टाकला, तो बाहेर निसटला, आणि यूट्यूब तेव्हा स्लॅश २२ जाहीर करत असल्यामुळे जगभरातला ट्रॅफिक पाकिस्तानकडे वळला. यूट्यूबने सोडवणूक करायला स्वतःही स्लॅश २४ आणि मग त्याहून बारीक स्लॅश २५ जाहीर केले.

दोन मर्यादा आहेत. आयपीव्ही४ मध्ये स्लॅश २४ पेक्षा बारीक तुकडा बहुतेक जग घेत नाही, त्यामुळे तुमच्याकडे एकच स्लॅश २४ असेल तर हा रस्ता बंद. आणि प्रत्येक तुकडा जगातल्या प्रत्येक मोठ्या राउटरच्या टेबलमध्ये जागा खातो. १२ ऑगस्ट २०१४ ला काही काळ हजारो जास्तीचे तुकडे एकदम बाहेर आले आणि टेबल ५ लाख १२ हजारच्या पुढे गेल्यावर ठिकठिकाणचे जुने राउटर बसले होते. स्लॅश २२ असेल तर चारही तुकडे सोडायची सवय लावू नका, ज्यांची गरज आहे तेवढेच सोडा. हे सगळ्यांचं सामायिक टेबल आहे.

नॅट पूल, खरी गंमत इथे आहे

आता हे नीट बघा. तुमचे बहुसंख्य ग्राहक सीजीनॅटमागे (एकच पब्लिक पत्ता अनेक ग्राहकांत वाटणारी सोय) आहेत, त्यांना १००.६४.०.०/१० मधला पत्ता मिळतो आणि बाहेर जाताना तुमच्या पब्लिक पूलमधला. यूट्यूबचं उत्तर त्या पब्लिक पत्त्याकडेच येतं. म्हणजे ग्राहक कुठल्या पूलमधून नॅट होतो यावर त्याचा डाउनलोड कुठल्या लिंकवर येणार हे ठरतं! स्लॅश २४ एकदा लिंकला बांधले की पुढचं सगळं समतोल राखायचं काम बीजीपीला हात न लावता नॅट बॉक्सवर होतं.

एका पब्लिक आयपीमागे हजारेक पोर्टचा ब्लॉक देऊन ६४ ग्राहक बसवले तर एका स्लॅश २४ मागे १६ हजारांच्या आसपास ग्राहक बसतात, त्यामुळे जागेची अडचण सहसा येत नाही. ब लिंक रिकामी असेल तर अ च्या पूलमधल्या दोन-चार ओएलटींचे प्रायव्हेट ब्लॉक उचलून ब च्या पूलकडे द्या. ५५-४५, ६०-४०, पाहिजे तसं बारीक विभागता येतं, प्रीपेंडने असा ताबा कधीच मिळत नाही. ओएलटीनुसार किंवा गल्लीनुसार विभागा, ग्राहकामागून ग्राहक आलटून पालटून नको, नाहीतर तक्रार आली की कोण कुठल्या लिंकवर आहे ते शोधण्यात रात्र जाते. आणि एकाच ग्राहकाची सेशन दोन्ही पूलमध्ये वाटू देऊ नका, बँकेच्या साइट आणि गेमचे सर्व्हर मध्येच आयपी बदललेला बघून लॉगआउट करतात.

पूल बदलला की त्या ग्राहकांची चालू सेशन तुटतात, म्हणून हे पहाटे चार-पाचला करा. नॅट लॉगमध्ये बदलाची वेळ बरोबर जातेय ना ते बघा, कारण उद्या पोलिसांकडून एखाद्या आयपीची विचारणा आली तर त्या वेळी तो पूल कुणाकडे होता ते तुम्हाला सांगावं लागतं. दोन बॉर्डर राउटर असतील तर नॅट बॉक्स दोन्हींच्या मागे पाहिजे, एकेका बॉर्डरवर वेगळा नॅट केलात आणि उत्तर दुसऱ्या बॉर्डरवर आलं तर तिथे त्या सेशनची नोंदच नसते आणि पॅकेट मरतं.

कम्युनिटी, म्हणजे अपस्ट्रीमला सांगून करून घेणं

चांगल्या ट्रान्झिटवाल्याकडे कम्युनिटीची यादी असते, ती त्यांच्या वेबसाइटवर किंवा आयआरआरमधल्या एएसच्या नोंदीतल्या रिमार्क्समध्ये सापडते, नाही सापडली तर मागून घ्या, आणि नवीन लिंक घेतानाच करार करायच्या आधी मागा. ज्याच्याकडे ही यादीच नाही त्याच्याकडून स्वस्तात मिळतंय म्हणून दुसरी लिंक घेऊ नका, नंतर प्रत्येक बदलासाठी नॉकला (त्यांच्या नेटवर्क कंट्रोल रूमला) फोन करत बसावं लागतं. ही काही नवीन कल्पना नाही, १९९६ च्या आरएफसी १९९८ मध्ये एमसीआय या अमेरिकन कंपनीच्या नेटवर्कवर ग्राहकाने कम्युनिटी लावून लोकल प्रेफरन्स कसा बदलून घ्यायचा हे लिहून ठेवलंय.

साधारण तीन प्रकारची कम्युनिटी मिळते. एक लोकल प्रेफरन्स खाली आणणारी. ब ला ही लावली आणि प्रेफरन्स त्याच्या पीअरपेक्षा खाली गेला तर खुद्द ब सुद्धा तुमच्याकडे यायला अ चा रस्ता धरतो, म्हणजे ब पूर्ण बॅकअप होतो. हे सगळं किंवा काहीच नाही असं हत्यार आहे, समतोलासाठी नाही. दुसरी, "अमुक पीअरला जाहीर करू नका" किंवा "तमुक ट्रान्झिटकडे जाताना दोनदा प्रीपेंड करा" अशी निवडक. ही सगळ्यात उपयोगी, कारण फ्लोमध्ये दिसलं की गूगल थेट पीअरिंगवरून अ मार्गे येतंय, तर फक्त अ च्या गूगलकडच्या पीअरिंगवर बंदी घातली की तेवढाच ट्रॅफिक हलतो, बाकी जग जसंच्या तसं. तिसरी नो-एक्स्पोर्ट (हा रूट तुमच्या नेटवर्कबाहेर देऊ नका), म्हणजे ६५५३५:६५२८१, ही जवळपास सगळीकडे चालते. समजा ब च्या घरातल्या कॅशचा ट्रॅफिक तुम्हाला ब च्याच लिंकवर हवाय, पण अ वरून गेलेला स्लॅश २४ ब ला पीअरिंगवरून दिसतोय आणि लांबी जास्त म्हणून तो कॅशचा ट्रॅफिक अ ला देऊन टाकतोय. अशा वेळी तोच स्लॅश २४ ब लाही द्या पण नो-एक्स्पोर्ट लावून. ब च्या आत तो दिसेल, बाहेर जाणार नाही, जगाचा ट्रॅफिक अ वरच राहील. असे एक-दोन बदल नीट केले की संध्याकाळचा ग्राफ बघायला खरंच आनंद होतो.

तुमचा एएस नंबर ६५५३५ च्या वरचा असेल, आणि आता नवीन मिळणारे सगळे असतातच, तर जुन्या पद्धतीच्या कम्युनिटीत तो बसत नाही, त्यासाठी २०१७ पासून लार्ज कम्युनिटी आहेत, अपस्ट्रीम घेतो का ते विचारून घ्या. आणि स्वतःच्या राउटरवर सेंड कम्युनिटी चालू आहे का ते पहिल्यांदा बघा, काही राउटरवर ते वेगळं सांगावं लागतं आणि बाकी सगळं बरोबर असून यापायी काम अडतं.

प्रीपेंड, पण मापात

प्रीपेंड निरुपयोगी नाही, फक्त त्याच्याकडून अपेक्षा बरोबर ठेवा. ज्या लांबच्या नेटवर्कला अ आणि ब दोन्ही सारखेच वाटतात तिथेच ते चालतं. अ च्या स्वतःच्या आतला ट्रॅफिक, अ च्या कॅशचा ट्रॅफिक, अ च्या इतर ग्राहकांचा बराचसा ट्रॅफिक अ वरूनच येणार, तुम्ही दहा वेळा नंबर लावा, कारण तिथे लोकल प्रेफरन्स आधी बघितला जातो. एक लावून एक संध्याकाळ बघा, मग दुसरा, फार तर तिसरा. तीनने जे हललं नाही ते आठनेही हलत नाही, उलट इतका लांब पाथ असला की कुणी चुकून किंवा मुद्दाम तुमचा प्रीफिक्स जाहीर केला तर त्याचा छोटा पाथ सहज जिंकतो.

मायक्रोटिकवाल्यांनी हे नक्की लक्षात ठेवा. फेब्रुवारी २००९ मध्ये चेक देशातल्या एका छोट्या नेटवर्कने, एएस ४७८६८, मायक्रोटिकवर प्रीपेंडच्या जागी किती वेळा ते लिहायचं तिथे स्वतःचा एएस नंबरच लिहिला. त्या खान्यात बसणारी संख्या २५६ च्या आतली, ४७८६८ ला २५६ ने भागून बाकी राहते २५२, आणि तो रूट स्वतःचा नंबर २५२ वेळा लावून जगात गेला. इतका लांब पाथ न झेपणारे बरेच राउटर त्या दिवशी ठिकठिकाणी सेशन तोडत राहिले. सिस्कोच्या राउटरवर सहसा नंबर पुन्हा पुन्हा लिहायचा असतो, मायक्रोटिकवर किती वेळा ते लिहायचं असतं, दोन्ही वापरत असाल तर विशेष जपा.

एमईडी फक्त एकाच अपस्ट्रीमच्या दोन लिंक असतील, एक पुण्यात एक मुंबईत अशा, तेव्हा कामाचा, आणि तोही अपस्ट्रीम मानत असेल तरच. वेगवेगळ्या अपस्ट्रीममध्ये त्याची तुलना सहसा होतच नाही.

एक्सचेंजचा पोर्ट

डीई-सिक्स मुंबई, एक्स्ट्रीम आयएक्स, निक्सी, जिथे पोर्ट घ्याल तिथे पीअर लोक तुमचा रूट ट्रान्झिटपेक्षा वर ठेवतात, त्यामुळे आपोआप ट्रॅफिक येतो. एवढं असून पोर्ट रिकामा राहतो तेव्हा कारण बहुतेक वेळा एकच असतं, एक्सचेंजवर फक्त स्लॅश २३ दिलाय आणि ट्रान्झिटवर स्लॅश २४. लांबी जिंकते, मग तो पीअर तुमच्या शेजारच्या रॅकमध्ये का असेना, ट्रॅफिक फिरून ट्रान्झिटवरूनच येतो आणि तुम्ही त्याचे पैसे भरता. म्हणून ट्रान्झिटवर जे जे तुकडे सोडलेत ते सगळे एक्सचेंजवरही सोडा. उलट पोर्ट १ जीचा आणि एखादा मोठा पीअर एकटाच तो भरत असेल तर रूट सर्व्हरच्या (एक्सचेंजवर सगळ्यांचे रूट सगळ्यांना वाटणाऱ्या यंत्राच्या) कम्युनिटीने त्या एका एएसला तुमचे रूट देणं थांबवा, प्रत्येक एक्सचेंज ही यादी जाहीर करतं. सगळे मोठे कंटेंटवाले रूट सर्व्हरवर नसतात, काहींशी थेट सेशन लावावं लागतं, ते पीअरिंग-डीबीवर (कोण कुठे पीअरिंग करतं त्याची सार्वजनिक यादी) बघून मेल टाकायचा, आणि तिथे स्वतःची नोंदही नीट भरून ठेवायची.

सीडीएनबद्दल (जागोजागी कॅश ठेवून कंटेंट पोचवणारी नेटवर्क) एवढंच सांगतो की काही जण ग्राहकाच्या आयपीवरून आणि तुमच्या बीजीपीवरून कुठला कॅश द्यायचा ते ठरवतात, काही जण डीएनएस रिझॉल्व्हरवरून (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा सर्व्हर). सगळ्या ग्राहकांना बाहेरचा सार्वजनिक डीएनएस देऊन ठेवलात तर दुसरा प्रकार गंडू शकतो आणि मुंबईचा कॅश सोडून चेन्नई-सिंगापूरहून व्हिडिओ येऊ शकतो. स्वतःचा रिझॉल्व्हर चालवा, त्याला तुमच्याच ब्लॉकमधला आयपी द्या.

आयपीव्ही६ द्या, मनापासून सांगतो. यूट्यूब, फेसबुक, नेटफ्लिक्स सगळं त्यावर चालतं, नॅटचा भार तेवढा कमी होतो, आणि स्लॅश ३२ मधून हवे तेवढे तुकडे करता येतात, स्लॅश ४८ पर्यंत जग घेतं. फक्त इथे नॅट पूल नाही, म्हणून कुठल्या बीएनजीच्या (ग्राहकांची कनेक्शन सांभाळणाऱ्या राउटरच्या) ग्राहकांना कुठल्या तुकड्यातून पत्ते द्यायचे हे सुरुवातीलाच अ-ब चा विचार करून आखा, नंतर बदलणं त्रासाचं.

बदल करताना आणि केल्यावर

एका वेळी एकच बदल. बीजीपी काही मिनिटांत जगात पसरतं पण सीडीएनचं मॅपिंग बदलायला तासन् तास लागू शकतात, म्हणून खरा निकाल पुढच्या पूर्ण संध्याकाळी बघायचा. आयपीएलची मॅच असलेल्या संध्याकाळी काही करू नका. रूट सारखे काढत-टाकत राहिलात तर काही नेटवर्क डॅम्पिंग लावून तुमचा प्रीफिक्स थोडा वेळ बाजूला ठेवतात.

फेलओव्हर हा तपासायचाच. पहाटे अ चं सेशन हाताने खाली घ्या, बाहेरच्या लुकिंग ग्लासवर स्लॅश २४ गेला आणि स्लॅश २३ ब वरून दिसतोय का बघा, ग्राहकाच्या कनेक्शनवरून पिंग आणि व्हिडिओ बघा, मग अ परत वर घ्या आणि ट्रॅफिक खरंच परत आला का तेही बघा. कारण बॅकअप कम्युनिटी वापरली असेल तर कधीकधी मूळ लिंक परत आली तरी ट्रॅफिक बॅकअपवरच चिकटून राहतो, आरएफसी ४२६४ मध्ये यालाच बीजीपी वेजी म्हटलंय, आणि तो सोडवायला अ स्थिर झाल्यावर ब चं सेशन क्षणभर खाली-वर करावं लागतं. दोन्ही अपस्ट्रीमचा फायबर हायवेच्या एकाच कडेने येतोय का तेही याच वेळी विचारून घ्या, रस्ता रुंदीकरणाचा जेसीबी दोन्ही एकदम तोडतो आणि मग बीजीपी काहीच करू शकत नाही. दोन अपस्ट्रीम शेवटी वर एकाच ट्रान्झिटला जाऊन मिळत नाहीत ना, ते एएस पाथ बघून कळतं.

एखाद्या लिंकवर पहिल्या अर्ध्याचा ट्रॅफिक नको म्हणून तिथे तो प्रीफिक्स अजिबातच, म्हणजे स्लॅश २३ मधूनही, जाहीर न करणं टाळा. बाहेर जाताना तुमचं पॅकेट त्या लिंकवरून गेलं आणि अपस्ट्रीमने स्ट्रिक्ट यूआरपीएफ (पॅकेट पाठवणाऱ्या पत्त्याकडचा रस्ता त्याच पोर्टवरून जातो का ते तपासणं) लावलं असेल तर परतीचा रूट नाही म्हणून तो ते टाकून देतो, आणि ग्राहकाला काही साइट उघडतात काही उघडत नाहीत असा विचित्र त्रास होतो. स्लॅश २३ दोन्हीकडे असला तरी स्ट्रिक्टमध्ये अ वरून आलेल्या स्लॅश २४ मुळे हे होऊ शकतं, म्हणून अपस्ट्रीमला तुमच्या पोर्टवर लूज मोड किंवा प्रीफिक्सनुसार फिल्टर लावायला सांगा.

ज्यांचा स्वतःचा एएस नाही, म्हणजे ऑफिस, कॉलेज, हॉस्पिटल, दोन ब्रॉडबँड आणि एक फायरवॉल, त्यांच्यासाठी वरचं बहुतेक लागू नाही आणि काळजीही नको. तुमच्याकडे डाउनलोड त्याच लिंकवर येतो जिच्यावरून विनंती बाहेर गेली, म्हणून बाहेर जाणारी कनेक्शन फायरवॉलवर दोन्ही लिंकमध्ये वाटली की येणारा ट्रॅफिक आपोआप वाटला जातो. आत सर्व्हर असेल तर डीएनएसमध्ये दोन्ही लिंकचे पत्ते द्या, टीटीएल (डीएनएसचं उत्तर किती वेळ साठवून ठेवायचं तो काळ) पाच मिनिटांच्या आसपास ठेवा, बंद पडलेल्या लिंकचा पत्ता काढून टाकणारी हेल्थ चेकवाली डीएनएस सेवा घ्या, आणि आलेल्या कनेक्शनचं उत्तर त्याच लिंकवरून परत जाईल असा पॉलिसी रूट फायरवॉलवर लावा.